वाचकांचे प्रश्न : गायवान, गरम पाणी आणि पहिले दहा सेकंद

छोटं भांडं, त्यात भरपूर पानं, काही सेकंदांचं मुरणं आणि त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी. चीनच्या फूच्येन आणि ग्वांगदोंग प्रांतांत रुजलेल्या या पद्धतीला गोंगफू चहा म्हणतात. तो घरी करून पाहणाऱ्या वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : सुरुवात करायची आहे. विक्रेत्यांच्या याद्यांत ट्रे, चिमटे, लाकडी चमचे, गाळणी, वास घ्यायचे उंच पेले असं बरंच काही असतं. खरंच काय लागतं?

उत्तर : गायवान, एक चोचीचा जार, दोन-तीन छोटे पेले, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि पाणी उकळायची किटली. एवढ्यावर वर्षानुवर्षं उत्तम चहा होतो. सांडलेलं आणि धुतलेलं पाणी टाकायला शेजारी एक वाडगा ठेवा, ट्रेची गरज उरत नाही.

गायवान म्हणजे झाकण आणि बशी असलेली बिनदांड्याची वाटी. ती निवडताना घाई करू नका. पांढऱ्या चिनी मातीची, पातळ आणि काठाशी बाहेर पसरलेली घ्या. हा पसरलेला काठच बोटांना वाचवतो. झाकण वाटीच्या आत बसलं पाहिजे आणि तिरकं करायला थोडी मोकळीक हवी. एक-दोन माणसांसाठी १०० ते ११० मिलिलिटर पुरे. मात्र विक्रेते सांगतात ते माप काठोकाठ भरल्याचं असतं आणि वापरायचं पाणी त्याच्या साधारण ८० टक्के. घरी आणल्यावर काट्यावर ठेवून झाकणाच्या रेषेपर्यंत पाणी भरा आणि वजन घ्या. पुढची सगळी प्रमाणं या आकड्यावर ठरवायची.

गायवानमधून ओतलेला चहा आधी जारमध्ये येतो. जारला गोंगदाओबेई म्हणतात. ओतण्याच्या सुरुवातीचा चहा फिका आणि शेवटचा दाट असतो. जारमध्ये दोन्ही मिसळतात, म्हणून प्रत्येकाला सारखा चहा मिळतो. काचेचा जार घेतला तर रंगही दिसतो.

प्रश्न : गायवानने दर वेळी बोटं भाजतात. सवय होईल असं सगळे म्हणतात, पण तोवर काय करायचं?

उत्तर : भाजणं हा सवयीचा भाग नाही. कारणं तीन-चारच असतात आणि ती शोधून काढता येतात.

पहिलं कारण, पाणी जास्त. झाकण जिथे टेकतं त्या रेषेच्या वर पाणी गेलं की झाकणाच्या कडेने उकळतं पाणी काठावर येतं आणि काठच तापतो. पाणी झाकणाच्या रेषेच्या किंचित खाली थांबवा. वाटीत पानं फुगून झाकणाला भिडत असतील तर पानंही जास्त झाली आहेत.

दुसरं कारण, पकड. अंगठा आणि मधलं बोट समोरासमोर, काठाच्या अगदी बाहेरच्या पसरट कडेवर. तर्जनी झाकणाच्या गुंडीवर. उरलेली दोन बोटं मिटलेली, वाटीच्या पोटाला न लागता. काठाखाली बोट सरकलं की भाजलंच म्हणून समजा. पकडण्याआधी झाकण जरा तिरकं करून फट ठेवा, साधारण २ ते ३ मिलिमीटर. फट कमी असेल तर चहा थेंबथेंब येतो, हात हवेत जास्त वेळ राहतो आणि वाफ बोटांवर येते. फट जास्त असेल तर पानं बाहेर पडतात. फट जारकडे, म्हणजे ओतण्याच्या बाजूलाच हवी.

तिसरं कारण सगळ्यात जास्त दिसतं, ते म्हणजे बिचकणं. हळूहळू कलत्या केलेल्या वाटीतून पाणी काठावरून ओघळतं आणि मधल्या बोटापाशी येतं. मनगट एका झोकात वळवा, वाटी जवळजवळ उभी होईपर्यंत. १०० मिलिलिटरची वाटी ५ ते ६ सेकंदांत रिकामी झाली पाहिजे. शेवटी दोन हलके झटके देऊन उरलेले थेंबही काढा.

सराव गार पाण्याने करा, पण वाटीत भिजलेली जुनी पानं ठेवून करा. मग कोमट पाणी, मग उकळतं. एवढं करूनही भाजत असेल तर वाटीचा काठ सरळ किंवा जाड आहे. तीच वाटी वापरत राहण्यात शहाणपण नाही, दुसरी घ्या.

प्रश्न : ५ ग्रॅम ऊलाँग १०० मिलिलिटर पाण्यात ३ मिनिटं ठेवला. कडूजहर झाला. चहा वाईट आहे का?

उत्तर : चहावर (म्हणजे हिरवा आणि काळा यांच्या मधल्या, अर्धवट ऑक्सिडाइज झालेल्या ऊलाँगवर) ठपका ठेवण्याआधी मापं पाहा. तुम्ही गोंगफूची पानं घेतली आणि मोठ्या किटलीची वेळ लावली. १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण सेकंदांसाठी आहे. मिनिटं ठेवायची असतील तर त्याच पाण्याला १ ग्रॅम, फार तर दीड ग्रॅम.

वूयी पर्वतातले भाजलेले ऊलाँग (दा होंग पाओ, रोउग्वेई, श्वेईश्येन) किंवा ग्वांगदोंगमधल्या चाओझोऊचा दानत्सोंग असा लांब पिळलेल्या पानांचा चहा असेल तर १०० मिलिलिटरला ५ ते ६ ग्रॅम आणि पूर्ण उकळतं पाणी. पानं एकदा धुऊन घेतल्यावर (पाणी घालून लगेच टाकून द्यायचं) पहिली फेरी, म्हणजे पहिलं मुरवणं, १० सेकंद, दुसरी ८, तिसरी १०, मग १५, २०, ३०, ४५ आणि नंतर मिनिटभर. दुसरी फेरी पहिलीपेक्षा छोटी, कारण तोवर पानं भिजून आतपर्यंत तापलेली असतात. आन्शीचा थिएग्वानयिन किंवा तैवानचे डोंगरी ऊलाँग गोळ्यांसारखे वळलेले असतात. ते उघडायला वेळ घेतात, म्हणून पहिल्या फेरीला २० ते २५ सेकंद आणि दुसरीला १५. या गोळ्या कोरड्या असताना वाटीच्या तळाशी जेमतेम थर दिसतो. तो पाहून आणखी घालायचा मोह होतो. तिसऱ्या फेरीला तीच पानं झाकण उचलून धरतात. ६ ग्रॅमवर थांबा.

लाल चहाला (ज्याला चीनबाहेर काळा चहा म्हणतात) ४ ते ५ ग्रॅम आणि ९० ते ९५ अंश. पांढऱ्या चहाला तेवढंच वजन, पण पहिली फेरी २० सेकंदांपर्यंत. कोवळा, न आंबवलेला पु-अर (युन्नानचा, बहुधा वडीत दाबलेला चहा) सर्वांत तिखट स्वभावाचा. त्याला ५ सेकंदही पुरतात.

वेळ मोजताना पाणी घालून संपल्यापासून ते ओतून संपेपर्यंत मोजा. ओतायला ६ सेकंद लागत असतील आणि फेरी १० सेकंदांची असेल, तर चौथ्या सेकंदाला वाटी उचलायची. बहुतेक कडू चहा इथेच होतो. दुसरी जागा म्हणजे वाटीत राहिलेलं पाणी. दोन चमचे चहा तळाशी राहिला आणि मधे पाच मिनिटं गप्पा झाल्या, की तो काढा पुढच्या फेरीत मिसळतो. प्रत्येक फेरी शेवटच्या थेंबापर्यंत निथळली पाहिजे आणि मधल्या वेळेत झाकण तिरकं ठेवलं पाहिजे, म्हणजे वाफेत पानं शिजत नाहीत.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि या क्रमाने: आधी वेळ, मग पानांचं वजन, शेवटी पाण्याचं तापमान. चहा पाणीदार लागला म्हणून वेळ, वजन, तापमान तिन्ही वाढवलं तर पुढच्या वेळी नेमकं काय केलं होतं ते सांगता येत नाही. एक ओळखही लक्षात ठेवा: चव कडक आहे पण सुवास चांगला आहे, तर वेळ कमी करा. चव फिकी आणि सुवासही नाही, तर पाणी गार होतं किंवा वाटी तापवली नव्हती.

आणि चहा खरंच वाईट आहे का हे पाहायचं असेल तर परीक्षकांची रीत वापरा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३१०३ मध्ये १०० मिलिलिटरला २ ग्रॅम पानं आणि ६ मिनिटं असं माप आहे. चीनमध्ये ऊलाँग तपासताना ११० मिलिलिटरच्या गायवानमध्ये ५ ग्रॅम पानं घालून २, ३ आणि ५ मिनिटांच्या तीन फेऱ्या काढतात. तो चहा पिण्यासाठी नसतोच. दोष उघडे पाडण्यासाठी मुद्दाम कडक काढलेला असतो. चांगला चहा अशा माऱ्यातही कडू होतो, पण कडूपणा घशातून लवकर निघून जातो आणि मागे गोडी राहते. वाईट चहा जिभेवर बसून राहतो.

प्रश्न : तापमापक नाही. हिरव्या चहाला ८० अंश कसे ओळखायचे?

उत्तर : उकळलेलं पाणी एका थंड जारमध्ये ओतलं की साधारण ८ ते १० अंशांनी उतरतं. तिथून दुसऱ्या थंड भांड्यात ओतलं की आणखी थोडं. म्हणजे किटलीतून जार, जारमधून दुसरा जार आणि मग पानांवर, असं केलं की हिरव्या चहाच्या जवळपास पोहोचता येतं. भांडं किती जाड आहे यावर आकडा हलतो. एकदा कुणाचा तरी तापमापक आणून तुमच्या भांड्यांचा अंदाज घेऊन ठेवा. डोंगरावर राहणाऱ्यांनी हेही धरावं की दर ३०० मीटर उंचीला पाणी साधारण १ अंश आधीच उकळतं.

बुडबुडे पाहून ओळखायची रीत लु यू या थांग काळातल्या चहापंडितापासून चालत आली आहे: आधी माशाच्या डोळ्यांएवढे, मग कडेने मोत्यांच्या माळेसारखे, मग लाटा. पण लु यू आठव्या शतकातला. त्या काळी चहाच्या वड्या कुटून त्यांची पूड उकळत्या पाण्यात शिजवत. मिंग सम्राट होंगवू याने १३९१ मध्ये दरबारी नजराण्यातल्या दाबलेल्या वड्या बंद केल्या आणि सुट्या पानांना मान दिला. पानं मुरवून पिण्याची रीत त्यानंतर पसरली. त्यामुळे बुडबुड्यांचा उपयोग तापमान ओळखण्यापुरता करा, त्याची कृती हिरव्या चहाला लावू नका.

हांगझोऊच्या लोंगचिंगला ८० ते ८५ अंश. १५० मिलिलिटरला ३ ग्रॅम पानं, झाकण न ठेवता. झाकण ठेवलं की कोवळी पानं वाफेत पिवळी पडतात आणि शिजवलेल्या पालेभाजीचा वास येतो. लोंगचिंग चपटा असतो आणि तरंगत राहतो, म्हणून आधी पानं, त्यावर थोडंसं पाणी, एकदा हलवून मग उरलेलं. सूझोऊजवळच्या दोंगथिंग डोंगरांतल्या बीलोछुनचं उलटं: ग्लासात आधी ७५ अंशांच्या आसपासचं पाणी आणि वरून पानं सोडायची. कळ्या बारीक, घट्ट वळलेल्या, लव असलेल्या; त्या आपोआप बुडतात. त्यांच्यावर पाण्याची धार मारली तर लव सुटून चहा गढूळ होतो. ग्लासातून पिताना एक तृतीयांश चहा उरला की पुन्हा पाणी भरायचं. इथे तळाशी चहा ठेवणं हीच रीत आहे, गायवानचा नियम इथे लागू नाही.

कमी तापमान म्हणजे नाजूक आणि म्हणून चांगलं, असं समजून लोक ऊलाँगलाही ८५ अंशांचं पाणी देतात. भाजलेला किंवा गोळी वळलेला ऊलाँग त्यात उघडतच नाही. त्याला उकळतंच पाणी हवं.

प्रश्न : चहावर तेलासारखा तवंग येतो. पानांवर काही लावलेलं असतं का?

उत्तर : नाही. तवंग पाण्यातला आहे. जड पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असतात. चहातल्या पॉलिफिनॉलांशी हवेच्या संपर्कात त्यांचा संयोग होऊन पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरतो. तेच पाणी चहा काळपट करतं आणि सुवास दाबून टाकतं.

लोक मग थेट आरओचं पाणी वापरतात. तवंग जातो, पण चहा पोकळ लागतो. क्षार अगदीच नसतील तर चवीला अंग येत नाही. विरघळलेले क्षार लिटरला ५० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान असलेलं पाणी बहुतेक चहांना मानवतं. आरओच्या पाण्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळून पाहा. एकाच चहाच्या दोन वाट्या शेजारी ठेवल्या की फरक पहिल्या घोटात कळतो. क्लोरीनचा वास असेल तर कार्बन फिल्टर लावा. आमच्या मते महागडा चहा घेण्याआधी पाणी सुधारणं केव्हाही बरं.

प्रश्न : पहिलं पाणी टाकून द्यायचं म्हणतात. त्याने कॅफिन आणि फवारणीचे अंश निघून जातात का?

उत्तर : पाच-दहा सेकंदांत कॅफिनचा थोडाच भाग निघतो, मोठा भाग पानातच राहतो. फवारणीचंही तसंच, त्या भरवशावर संशयास्पद चहा पिऊ नये. धुणं हे पानं जागी करण्यासाठी असतं. गोळी ऊलाँग आणि दाबलेला पु-अर यांना एक धुणं लागतं, आंबवलेल्या पु-अरला दोन. हिरव्या आणि कोवळ्या पांढऱ्या चहाला धुऊ नका, चांगलं तेवढं वाहून जाईल. धुतलेलं पाणी पेल्यांवर ओता, पेले तापतात.

प्रश्न : चाओझोऊमध्ये जार वापरत नाहीत असं वाचलं. मग सगळ्यांना सारखा चहा कसा मिळतो? घरी जमेल का?

उत्तर : जमेल, आणि एकदा तरी करून पाहाच. चाओझोऊचा गोंगफू चहा हा या सगळ्या पद्धतीचा जुना, कडक आणि सर्वांत काटेकोर प्रकार आहे. चीनने तो २००८ मध्ये राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतला. २०२२ मध्ये युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीचा आणि त्याभोवतीच्या चालीरीतींचा वारसा म्हणून समावेश केला, त्यातही हा आहे.

१०० मिलिलिटरचं लाल मातीचं छोटं भांडं (गायवानही चालेल) आणि पातळ पांढरे तीन पेले घ्या. माणसं चार असली तरी पेले तीनच. एक जण थांबतो, पेला धुऊन पुढच्याला दिला जातो. ८ ग्रॅम दानत्सोंग पांढऱ्या कागदावर पसरा. अख्खी लांब पानं एकीकडे, मोडकी आणि चुरा दुसरीकडे. भांड्यात आधी लांब पानं तळाशी आणि चोचीच्या तोंडाशी, मधे चुरा, वर पुन्हा अख्खी पानं. चुरा मधे अडकून राहिला की चोच तुंबत नाही आणि चुऱ्याचा कडवटपणा एकदम बाहेर येत नाही. पानं भांड्यात दाबू नका.

पाणी खदखदतं हवं. तिथे मातीच्या शेगडीवर ऑलिव्हच्या बियांच्या कोळशावर ते उकळण्याची जुनी रीत आहे. घरी विजेची किटली चालते. पाणी उंचावरून, पण काठाच्या कडेने गोल फिरवत ओता. मधोमध धार मारली तर पानं घुसळली जातात आणि चहा उग्र होतो. भांडं भरून किंचित उतू जाऊ द्या, झाकणाने वरचा फेस कडेला सारा, झाकण लावा आणि भांड्यावरून उकळतं पाणी सोडा म्हणजे बाहेरूनही ते गरम राहतं. पहिलं पाणी पेल्यांत टाकून पेले धुवायचे.

आता ओतणं. तिन्ही पेले एकमेकांना चिकटून त्रिकोणात. भांडं पेल्यांच्या अगदी जवळ, खाली धरायचं. उंचावरून ओतलं तर सुवास उडतो आणि फेस येतो. एक पेला भरून पुढच्याकडे जायचं नाही. तिन्ही पेल्यांवरून गोल फिरत राहायचं, प्रत्येकात थोडं थोडं. या फिरण्याला सेनापती ग्वान यू नगराची गस्त घालतो असं म्हणतात. भांडं रिकामं होत आलं की शेवटचे दाट थेंब एकेका पेल्यात मोजून पाडायचे. त्याला सेनापती हान शिन सैन्य मोजतो म्हणतात. हे थेंब सर्वांत जड असतात. एकाच पेल्यात गेले तर तो पेला कडू आणि दुसरे दोन फिके. पेले सात दशांशच भरायचे, म्हणजे काठ धरता येतो.

यातली नेहमीची चूक म्हणजे सावकाशपणा. ८ ग्रॅम पानांवर खदखदतं पाणी म्हणजे ओतणं धरून ८ ते १० सेकंद, बस. गोल फेऱ्या डौलदार करायच्या नादात २० सेकंद गेले तर तिसरा पेला पिता येणार नाही. आधी नुसत्या पाण्याने हात बसवा.

प्रश्न : पाकिटावर ऑर्किड, मध, पीच लिहिलेलं असतं. आम्हाला फक्त चहा लागतो. जीभच कमी पडते का?

उत्तर : जीभ नाही, नाकाला संधी मिळत नाही. ऑर्किड किंवा मध हे वास आहेत. ते झाकणावर, पेल्याच्या तळाशी आणि गिळल्यानंतर नाकातून बाहेर पडणाऱ्या श्वासात मिळतात. (मोगऱ्याच्या जातीच्या ताज्या फुलांत ठेवून वास दिलेला जास्मिन चहा सोडला, तर चांगल्या ऊलाँगमध्ये बाहेरून काही घातलेलं नसतं, झाडाची जात, पानं कोमेजवणं, हलवून त्यांच्या कडा दुखावणं आणि भाजणं यांतून तो सुवास येतो.)

असं करा. रिकामा गायवान उकळत्या पाण्याने तापवा, पाणी टाका, लगेच कोरडी पानं घालून झाकण लावा आणि तीनदा हलवा. झाकण उचलून एकच लांब श्वास घ्या. धुतल्यावर पुन्हा. मग प्रत्येक फेरी ओतून झाली की झाकण उलटं न करता नाकाशी आणा, श्वास आत घ्या आणि बाहेर सोडताना झाकण बाजूला न्या. परीक्षक हा वास तीनदा घेतात: गरम असताना, कोमट झाल्यावर आणि गार झाल्यावर. गरम असताना दोष पकडले जातात, म्हणजे धूर, जळकेपणा, कोंदटपणा, आंबूस वास. कोमट झाल्यावर सुवासाची जात कळते. गार झाल्यावर तो किती टिकतो ते कळतं. पिऊन रिकामा झालेला पेला दोन मिनिटांनी हुंगा. चांगल्या दानत्सोंगच्या पेल्यात तेव्हा काकवीसारखा गोड वास असतो. साध्या चहाच्या पेल्यात काही उरत नाही.

पिताना घोट छोटा, चमचाभर, आणि सुर्रकन हवेबरोबर ओढलेला. आवाज झाला तरी चालेल. जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा, तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. आता थांबा. अर्धं मिनिट दुसरा घोट घेऊ नका. घशातून परत वर येणारी गोडी, ज्याला ह्वेईगान म्हणतात, ती इथेच भेटते. जिभेच्या कडांना पाणी सुटतं का तेही पाहा. कडू आणि तुरट वेगळे ठेवायला शिका: कडू ही चव आहे, जिभेवर जाणवणारी, तुरट म्हणजे गाल आणि हिरड्या आखडणं, पॉलिफिनॉल लाळेतल्या प्रथिनांना पकडतात म्हणून होणारं. चांगल्या चहात दोन्ही असतात आणि सरतात.

चहा फार गरम पिऊ नका. ५० अंशांच्या आसपास चव सर्वांत स्पष्ट कळते. शिवाय ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बहुधा वाढवतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवलं आहे. पातळ छोट्या पेल्यात चहा मिनिटभरात पिण्याजोगा होतो.

नाक आणि जीभ तयार करायची सगळ्यात जलद रीत म्हणजे दोन सारखे गायवान शेजारी ठेवून दोन चहा एकाच वेळी काढणं: सारखं वजन, सारखं पाणी, सारखी वेळ. हलका आणि भाजलेला थिएग्वानयिन, किंवा वूयीचा रोउग्वेई आणि श्वेईश्येन. एकटा चहा पिताना न सापडणारे शब्द दोन समोर आले की सुचतात. शेवटी भिजलेली पानं पांढऱ्या ताटलीत पाण्यावर पसरा. वूयीच्या पानांना लालसर कडा आणि हिरवट मध्य दिसतो. काळी, न उघडणारी, बोटाने दाबल्यावर कडक लागणारी पानं असतील तर भाजताना ती जळली आहेत. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

प्रश्न : ईशिंगचं मातीचं भांडं घ्यावं का?

उत्तर : अजून नको. च्यांगसू प्रांतातल्या ईशिंगची त्झिशा माती सच्छिद्र असते, बारीक सुवास थोडा मऊ करते आणि उष्णता धरून ठेवते. भाजलेल्या ऊलाँगला आणि पु-अरला ते फायद्याचं, हिरव्या आणि हलक्या सुवासिक चहाला तोट्याचं. एका भांड्यात एकाच जातीचा चहा करायचा असतो, म्हणजे तुमची आवड ठरलेली हवी. बाजारात रंग मिसळलेल्या मातीची भांडी भरपूर आहेत. अगदी भडक रंग, चकचकीत पृष्ठभाग आणि गरम पाणी घातल्यावर येणारा रसायनाचा वास या तिन्हींपासून लांब राहा. घेतलंच तर साबण कधी लावू नका, पानं रात्रभर आत ठेवू नका आणि झाकण काढून वाळवा. झाकण लावून ओलं ठेवलेल्या भांड्यात बुरशी धरते.

प्रश्न : आंबवलेल्या पु-अरला माशासारखा वास येतो. खराब झाला का? आणि वडी फोडायची कशी?

उत्तर : आंबवलेला पु-अर, म्हणजे शोउ, ओल्या पानांचे ढीग लावून तयार करतात, ही रीत १९७३ मध्ये युन्नानच्या खुनमिंग चहा कारखान्यात बसवली गेली. ढिगाचा तो वास ताज्या चहात राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत विरतो. वडी कागदात सैल गुंडाळून, मसाले आणि साबणापासून लांब, हवेशीर जागी ठेवा. पिताना दोन धुणी द्या. पण वास ओल्या तळघराचा असेल, पानांवर केसाळ पांढरा, हिरवा किंवा काळा थर असेल तर तो टाकून द्या.

वडी सहसा ३५७ ग्रॅमची असते. टोकदार सुईसारखी सळई कडेच्या बाजूने, थरांना समांतर घाला आणि किंचित वर उचला. थर सुटतो. वरून खाली भोसकलं तर पानांचा चुरा होतो आणि सळई घसरून हातात जाते. दुसरा हात कधीही सळईच्या समोर नको.

प्रश्न : पेले इतके छोटे असूनही रात्री झोप लागत नाही.

उत्तर : पेले मोजू नका, पानं मोजा. कोरड्या पानांत वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफिन असतं. ७ ग्रॅम पानांच्या आठ-दहा फेऱ्या एकट्याने प्यायलात तर १४० ते २८० मिलिग्रॅममधलं बरंचसं तुमच्या पोटात गेलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गरोदरपणी २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. एकट्यासाठी ६० मिलिलिटरचा गायवान घ्या आणि ३ ग्रॅम पानं. चव तीच, मात्रा निम्मी. दुपारनंतर नको, आणि रिकाम्या पोटी तर नकोच, मळमळ होते.

प्रश्न : उघडलेली पाकिटं किती दिवस टिकतात?

उत्तर : हिरवा चहा आणि हलका थिएग्वानयिन हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा, उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवा. फ्रिजमधून काढलेलं पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर हवेतला दमटपणा पानांवर बसतो. भाजलेले ऊलाँग आणि लाल चहा घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात, वर्षभर चांगले राहतात. अगदी ताजा भाजलेला वूयी चहा आला असेल तर तो उलट एक-दोन महिने बंद ठेवूनच उघडा; तोवर त्यात भट्टीचीच चव पुढे असते.